जिभेखालचे थेंब

महासाथीच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबरात, मला नागीण झाली. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायला येऊन आम्हाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. नवरा आणि मी दोघंही इंजिनियर, दोघांचंही काम घरूनच चालू होतं. तो वर पोटमाळ्यावर बसायचा, मी खाली जेवणाच्या टेबलाशी.

डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत पुरळाचा पट्टा उठला आणि तीन आठवड्यांत सुकलाही. दुखणं मात्र मागे राहिलं. पुरळ गेल्यावरही काहींच्या नसा महिनोन्‌महिने दुखत राहतात, असं आमच्या हाउसआर्ट्सनी, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी, फोनवर सांगितलं. सुती कापडाचा स्पर्शसुद्धा मला सहन होत नव्हता. नवऱ्याचा एक जुना टीशर्ट घेऊन मी त्याची डावी बाजू कापून टाकली आणि तोच घालून, वरून सैल शाल घेऊन, मीटिंगला बसायला लागले. नऊ वर्षांची मुलगी डावीकडून जवळ आली की माझा हात आपोआप आडवा व्हायचा. ती वळसा घालून उजवीकडे यायची. मला ते दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

दोन औषधं करून झाली. एकाने दिवसभर झापड यायची, दुसऱ्याने काहीच व्हायचं नाही. नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात बोलावलं. खिडक्या सताड उघड्या, दोघींच्या तोंडाला मास्क, मी कोट घालूनच बसलेली. त्या म्हणाल्या, "औषधी कॅनबिसचं तेल मिळतं. करून बघायचं का?"

"गांजा?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण तो एक शब्द बरोबर कळला.

"झाड तेच," त्या म्हणाल्या. "पण हे माझ्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून येतं आणि मोजलेलं असतं. सगळ्यांना लागू पडत नाही. घरात कुणाला मानसिक आजार? तुम्हाला हृदयाचा काही त्रास?"

"नाही."

"घेतल्यावर गाडी चालवायची नाही. आणि घाई करायची नाही. तेल सावकाश चढतं."

पुण्यात मी लहान असताना आमच्या शाळेमागे एक बोळ होता. त्या बोळापाशी आलं की मान खाली घालून भरभर चालायचं, एवढंच मला गांजाबद्दल माहीत होतं. आता त्याची करंगळीएवढी तपकिरी बाटली आमच्या ओट्यावर उभी होती. नवऱ्याने आतला कागद फोनवर भाषांतर करत, ओळ न ओळ मोठ्याने वाचून दाखवला. मग मी जिभेखाली एक थेंब घेतला. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे आम्ही एकेक थेंब वाढवत गेलो.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी सोफ्यावर बसले होते. मुलगी पुस्तक घेऊन आली आणि सवय विसरून डावीकडे टेकली. माझा हात आडवा झालाच नाही. तिचं अख्खं डोकं माझ्या बरगडीवर होतं. दुखत नव्हतं असं नाही. दुखणं होतं, पण ते माझ्या अंगावर धावून येत नव्हतं. मी श्वास रोखून बसून राहिले. चार थेंबांनी हे केलं होतं.

तिच्याही लक्षात आलं. तिने विचारलं, "आई, सॉरी. उजवीकडे येऊ?"

"नको. बस अशीच."

माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर मी नुसतं "तेल चालू आहे" एवढंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "चांगलं कोमट करून लावत जा." शेवटी मला खरं सांगावं लागलं. मग तिने विचारलं, "लागू पडतंय का?" मी हो म्हटलं. "मग घे. पण वेळ बघून घे."

जानेवारीत थंडी वाढली आणि दुखणं पुन्हा चढलं. डॉक्टरीणबाईंनी जास्त कडक तेल लिहून दिलं. "हे वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा एका थेंबापासून सुरुवात करा." मी ऐकलं, मान डोलावली. मोजमाप हाच माझा पेशा. तरीही तिसऱ्याच दिवशी दुपारी, मीटिंगच्या आधी कळ सहन होईना म्हणून एक थेंब घेतला, पाऊण तास वाट पाहिली, काहीच फरक पडेना तेव्हा आणखी चार घेतले. जुन्या तेलाचे चार चालत होते, हे कितीसं वेगळं असणार, असं मनाशी म्हटलं.

मीटिंगमध्ये एक सहकारी आलेख समजावत होता. त्याचं वाक्य शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात माझ्या हातून निसटलेली असायची. मी कॅमेरा बंद केला. शाळा पुन्हा बंद झाली होती, मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गणितं करत होती. मी तिला विचारलं, "दूध प्यायलीस का?"

तिने मान वर केली. "आई, यू आस्क्ड मी दॅट फोर टाइम्स."

मला एकदाही आठवत नव्हतं. घड्याळ बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं. मग फार मोठा काळ गेला. पुन्हा बघितलं, दोन अकरा. छातीत धडधड सुरू झाली. श्वासाकडे लक्ष दिलं नाही तर तो थांबेल अशी खात्रीच वाटायला लागली.

"बाबांना बोलावू?" मुलीने विचारलं. मी हो म्हटलं असं मला वाटलं. नंतर ती म्हणाली की मी नुसती बघत होते, काहीच बोलले नाही. ती धावत वर गेली.

नवऱ्याने लगेच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या. किती थेंब, कधी घेतले, छातीत दुखतंय का, चक्कर येऊन पडली का, असं एकेक विचारलं. मग तो माझ्याकडे वळला. "डॉक्टर विचारताहेत, तू कुठे आहेस?"

"बेस्टला," मी म्हटलं आणि रडायला लागले, कारण उत्तर बरोबर होतं.

उतारा असा काही नाही, हे उतरायला काही तास लागतील, तिला एकटं सोडू नका, जिना चढू देऊ नका, छातीत दुखलं किंवा शुद्ध गेली तर लगेच फोन करा, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्याने मला सोफ्यावर आडवं केलं आणि मनगट धरून तो शेजारी जमिनीवर बसला.

"मी अशीच राहणार का?"

"नाही."

"कशावरून?"

"डॉक्टर म्हणाल्या."

जरा वेळाने मी पुन्हा तेच विचारायची आणि तो पुन्हा तेच सांगायचा, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

भीती तर होतीच. पण तिच्यामागे दुसरंही काही होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक क्षण पुढच्या क्षणाला जोडणारं काहीतरी आपल्यात सतत काम करत असतं, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. ते बंद पडल्यावर कळलं. खिडकीवर पाऊस होता. एकेक थेंब काचेवर सुटा पडत होता आणि त्यांचा मिळून पाऊस होत नव्हता. कुणी न सांगता, जन्मापासून, माझ्यासाठी हे सगळं जोडत कोण बसलं होतं? आणि बरगडीतली कळ? ती जागच्या जागी होती. पाच थेंबांनी माझा काळ मोडला, पण कळेचं काही बिघडलं नाही.

काळोख पडायच्या सुमाराला नवरा मुलीला म्हणाला, "आवाज जरा कमी कर, आईला झोप लागली असेल," आणि ते वाक्य मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सबंध कळलं. मी उठून बसले. वरणभात खाल्ला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "कडक म्हणजे जास्त गुणकारी असं नसतं. काहींना तर याने भलतेच भास होतात, काहींना त्याशिवाय चैन पडेनासं होतं." मग त्यांनी सांगितलं की साधारण अशाच जातीचं काहीतरी आपलं शरीर स्वतःही बनवतं, अगदी थोडं, म्हणूनच हे झाड आपल्याला लागू पडतं. मी ऐकत राहिले. कुठलं झाड आणि कुठली मी!

पुन्हा सौम्य तेल सुरू झालं, दोन थेंब, घेतल्याची वेळ कागदावर लिहून. उन्हाळ्यापर्यंत दुखणं अंगठ्याएवढ्या जागेत आलं. मग एकेक थेंब कमी करत आम्ही औषध थांबवलं. उरलेलं तेल परत द्यायला मी मुलीला घेऊन सायकलवर औषधाच्या दुकानात गेले.

येताना तिने विचारलं, "आई, ते औषध चांगलं होतं की वाईट?"

"त्याच्यात खूप ताकद होती," मी म्हटलं.

"दॅट्स नॉट ॲन आन्सर," असं म्हणून ती पुढे निघून गेली.