मायसाठी वकील

मायच्या छातीतलं पाणी दुसऱ्यांदा काढलं, त्या दिवशी लातूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की ह्या कुठल्या कारखान्यात कामाला होत्या का. मी म्हणाले, नाही, माय जन्मभर घरात, नाहीतर शेतात. मग वडील काय करायचे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तसा त्यांनी मायचा एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला.

वडील एका साखर कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होते. वाफेच्या नळ्यांवर पांढरी दोरी गुंडाळायची, वरून लेप द्यायचा, गाळप संपलं की जुनं सगळं खरवडून काढायचं, हे त्यांचं काम. ती दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ते घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. माय त्यांचे कपडे आधी अंगणात झटकायची, मग दगडावर धुवायची. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले. दम्यानं गेले, असं कागदावर लिहिलंय. लिहिणाऱ्या डॉक्टरनं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, तू काम काय करतोस.

मायच्या फुप्फुसाच्या आवरणाला गाठ होती. तुकडा तपासून आला, त्यावर मेसोथेलिओमा, म्हणजे त्या आवरणाचा कॅन्सर, असं लिहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हा आजार अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशिवाय सहसा होत नाही. बरा होईल, असं मात्र ते म्हणाले नाहीत. वकील बघा म्हणाले, आणि लवकर बघा.

मी लोह्याला हायस्कूलमध्ये शिकवते. शिकलेल्या बाईनं करावं तसंच मी केलं, फोनवर शोधलं. पांढऱ्या केसांचा एक अमेरिकन वकील हसत होता आणि भरपाई तुमचा हक्क आहे असं सांगत होता. खाली फॉर्म होता. तो मी भरला, मायचं वय, आजार, सगळं खरं खरं. दोन दिवसांनी एका मुलीचा इंग्रजीत फोन आला. कोणत्या राज्यात राहता, तिनं विचारलं. मी महाराष्ट्र म्हणाले. तिनं स्पेलिंग विचारलं आणि फोन ठेवून दिला. पोरांना मी रोज सांगते, की वाचल्याशिवाय सही करू नका. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

मग मामा मध्ये पडले. मामा नांदेडला असतात आणि त्यांना मोठ्या माणसांच्या दारात उभं राहायला फार आवडतं. त्यांच्या ओळखीचे एक नामांकित वकील होते. त्यांच्या ऑफिसात गेलो तर भिंतभर फोटो, प्रत्येक फोटोत वकीलसाहेब कुणातरी पुढाऱ्याला हार घालत होते. कायद्याची पुस्तकं काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. माय दीड तास बाहेरच्या बाकड्यावर धापा टाकत बसली. आत गेल्यावर साहेबांनी फाईल उघडली नाही, फोनवरून बोट सरकवत विचारलं, "ॲक्सिडेंट कधी झाला?"

मी सगळं सांगितलं. ते हसले. बाई, घरी कपडे धुवून कुणी आजारी पडतं का, असले दावे अमेरिकेत चालतात, म्हणाले. मामाही हसले. साहेब हसले की हसायचं, एवढं मामांना कळतं. पण निघताना साहेबांनी कारखान्याचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि मी गाढवासारखं ते सांगितलं.

पाचव्या दिवशी कारखान्याचा एक माणूस लोह्याला आमच्या दारात उभा. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मायच्या तब्येतीची त्यानं फार काळजी केली. दवाखान्याला मदत म्हणून काहीतरी देऊ म्हणाला, फक्त एका कागदावर अंगठा पाहिजे. मी कागद वाचला. नवऱ्याचा आणि आपल्या आजाराचा कारखान्याशी काही संबंध नाही, असं माय त्यात कबूल करत होती. मी त्याला विचारलं, आमचा पत्ता कुणी दिला. तो म्हणाला, आपलेच लोक हायत की. पेढे मी त्याच्या हातात परत दिले. मामांना फोन केला तर म्हणाले, एवढी मोठी माणसं घरी आली, तू जरा सबुरीनं घ्यायचं होतं. मामांशी बोलणं मी त्या दिवसापासून कमी केलं.

दुसरे वकील कोर्टाच्या आवारातच भेटले, म्हणजे त्यांनीच आम्हाला गाठलं. झाडाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर, तोंडात गुटखा. हे मात्र फार हुशार निघाले. बायको म्हणून काही जमणार नाही, म्हणाले, पण म्हातारीच कारखान्यात झाडूकामाला होती असं दाखवू. हजेरीचा कागद करून देणारा माणूस आहे, दोन साक्षीदार पण आहेत, तेच नेहमी येतात. तेच नेहमी येतात, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

माय शेजारी बसून सगळं ऐकत होती. ती माझ्या खांद्याला धरून उठली.

"मी कवा गेले कारखान्यात? आता मरताना लबाड बोलू काय?"

वकील तिला समजावू लागले, की आजी, सगळेच असं करतात. ती ऐकायला थांबली नाही. बसस्टँडपर्यंत रिक्षात ती चिडलेलीच होती, आणि तिच्या चिडण्यावर मी खूश होते.

तिसऱ्या वकिलांचं नाव लातूरच्या डॉक्टरांच्या नर्सनं दिलं. तिच्या भावाचा हात मशीनमध्ये गेला होता, तेव्हा ह्यांनी केस चालवली होती. मी काही आशा ठेवून गेले नाही. बियाण्यांच्या दुकानावर माडीवर एक खोली, जिना इतका उभा, की माय चढूच शकली नाही. मी एकटी वर गेले. साठीतले गृहस्थ, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, शर्टाची कॉलर झिजलेली. मी सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, पेशंट कुठे आहे. खाली म्हटल्यावर वही घेऊन ते जिना उतरले. बियाण्यांच्या पोत्यांशेजारी स्टूल टाकून ते मायच्या समोर बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका."

त्यांनी मायला विचारलं, ते कपडे कुठं धुवायचा. झटकायचा की तसेच भिजवायचा. आठवड्यातून किती वेळा. पाण्याचा रंग कसा व्हायचा. कपडे झटकताना लेकरं कुठं असायची. ह्या शेवटच्या प्रश्नाला मायनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, हिथंच, पायाशी. त्यांनी ते लिहून घेतलं. इतक्या महिन्यांत कुणी मायला पहिल्यांदाच काही विचारत होतं. ती दमली, तरी सांगत राहिली.

मग त्यांनी वडिलांचं काय काय आहे ते विचारलं. माय काही टाकत नाही. ठेकेदारानं दिलेला फोटोचा गेटपास होता, आणि एरवी गादीखाली असलेले छातीचे जुने एक्स-रे होते; ते सगळं मी पिशवीत घालून आणलं होतं. ते बघून त्यांचा चेहरा पहिल्यांदा हलला. त्यांनी गोड बोलून काही सांगितलं नाही. वडिलांचा दावा कामगार न्यायालयात होईल, पण मुदत उलटून गेलीय, उशीर माफ करून घ्यावा लागेल. आईंचा दावा वेगळा, दिवाणी, आणि असा दावा मी कधी चालवलेला नाही, तेव्हा आठ दिवस वाचून मग हो की नाही ते सांगतो, म्हणाले. मी कधी चालवलेला नाही, असं म्हणणारा वकील मला तोवर भेटला नव्हता. आठव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. वकीलपत्रावर मायनं अंगठा केला नाही. तिला सही येते, ती तिनं सावकाश केली.

त्यांनी सगळ्यात आधी एकच अर्ज रेटला, की बाई आजारी आहे, तिचा जबाब कमिशनर नेमून घरीच घ्यावा. समोरच्यांनी दोन तारखा खाल्ल्या. तिसऱ्या तारखेला अर्ज मंजूर झाला. माय तोवर अंथरुणाला खिळली होती.

जबाबाच्या दिवशी कारखान्याचा वकील आमच्या घरी नाकाला रुमाल लावून बसला. हा आजार लागत नाही, हे मी त्याला सांगितलं. तरी त्यानं रुमाल काढला नाही. सारखं घड्याळ बघत तो आडवेतिडवे प्रश्न विचारत होता. चूल होती का, धूर व्हायचा का, तंबाखू खाता का. शेवटी त्यानं विचारलं, "कपडे धुवा असं तुम्हाला कारखान्यानं सांगितलं होतं का? तुम्ही स्वतःच्या मर्जीनंच धुवायच्या ना?"

माय थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली.

"नवऱ्याचे कपडे धुवायला कुणाचा हुकूम लागतो का, साहेब? तुमचे कोण धुतंय?"

कमिशनर म्हणून आलेल्या वकीलबाईंनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. समोरच्यानं दुसरं वाक्य काढा म्हटलं. त्या म्हणाल्या, साक्षीदार बोलली ते मी लिहिलं.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी माय गेली.

वडिलांच्या बाबतीत न्यायालयानं उशीर माफ केला. तो माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा, असं कारखाना शेवटपर्यंत म्हणत राहिला. पण गेटपासवर शिक्का कारखान्याचा होता, आणि एक्स-रे बघून लातूरच्या डॉक्टरांनी साक्ष दिली, की हा दमा नव्हता, छाती त्या धुळीनं गेली. निकाल आमच्या बाजूनं लागला. मायचा दावा अजून चालू आहे, आता माझ्या नावानं. तारखेला मी जाते. समोरचा वकील तारीख मागतो, कधी त्याचं पोट बिघडतं, कधी त्याचे मेहुणे वारतात. आतापर्यंत त्याचे तीन मेहुणे वारले.

गेल्या महिन्यात आमच्या वकीलसाहेबांनी मला एक चिठ्ठी दिली. त्यावर लातूरच्या त्याच डॉक्टरांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, छातीचा एक्स-रे. लेकरं पायाशी असायची, ते त्यांच्या वहीत होतं. मी जाऊन एक्स-रे काढून आले. सध्या काही नाही, डॉक्टर म्हणाले, दरवर्षी येत जा.