पन्नासावा रोलर

"हात लावू नकोस," एवढंच सांगून विल्फ पार्गेटर चहाचं आधण ठेवायला आपल्या शेडमधून घरात गेला, आणि डेस्मंड हॅलमने हात लावला. कॉव्हेंट्रीच्या पोरांना चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला, समोर गिअरबॉक्स उघडा पडलेला असताना, नुसतं बसवत नाही. तळातला दांडा बोटभर बाहेर आलेला दिसला. त्याने मदत म्हणून तो पुरता ओढला. आत काहीतरी धप्पकन बसलं आणि सुईएवढे पोलादी रोलर मुठीतून तांदूळ निसटावेत तसे शेडभर पसरले.

विल्फ दोन कप घेऊन आला. त्याने जमिनीकडे पाहिलं, मग डेस्मंडकडे, आणि कप खाली ठेवून बाकावरचा वीतभर लाकडी तुकडा उचलला.

"हे काय आहे, मास्तर?"

"लाकूड."

"आधी हे आत सरकवत जायचं, म्हणजे दांडा बाहेर येतो आणि रोलर जागच्या जागी राहतात. बेरिलच्या झाडूचा दांडा कापून केलंय. तिला अजून पत्ता नाही."

त्याच्या बायकोला, बेरिलला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्या दिवशी दोघांनी मिळून एकोणपन्नास रोलर वेचले. हवे होते पन्नास.

"एक कमी असला तरी मी गिअरची पेटी बंद करत नाही," विल्फ म्हणाला. "उद्या तीनला ये. शोधू."

गाडी डेस्मंडची. लाल स्पिटफायर, बिनछपराची, दोघांपुरती. बायको, ग्वेंडा, वारल्यावर, आता कुठेतरी जावं म्हणून त्याने ती घेतली. कुठे, ते मात्र ठरलं नाही. शेजारच्या सीटवर वर्तमानपत्र बसायचं. घरी रेडिओवरचा माणूस उद्याचं हवामान सांगून झाला की डेस्मंड त्याला "बरं" म्हणायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगायला कुणी नव्हतंही. मग दुसरा गिअर आपोआप सुटू लागला आणि गल्लीच्या टोकाच्या विल्फशी ओळख झाली.

कॅन्लीच्या मोटारींच्या कारखान्यात विल्फने तेहेतीस वर्षं गिअरबॉक्स जोडले होते. आता त्या जागेवर किराणा मालाचं भलंमोठं दुकान आहे. "गोठवलेले वाटाणे ठेवतात ना, तिथे माझा बाक होता," तो सांगायचा. वाटाणे त्याला आवडत नसत, पण आणायचा.

डेस्मंडचा गिअरबॉक्स पहिल्यांदा समोर आला तेव्हाच विल्फने डाव्या अंगावरची चिकट घाण चिंधीने पुसली, खोदलेली अक्षरं अंगठ्याने चाचपली आणि खडूने खुणा करत चाकांचे दात मोजले.

"हा स्पिटफायरचा नव्हेच. हेरल्डचा आहे. सासूला चर्चला सोडायची गाडी ती. शर्यतीचा घोडा म्हणून तुला दूधवाल्याचं खेचर विकलंय कुणीतरी."

"मग फुकट गेलं सगळं?"

"आतून सख्खी भावंडं आहेत रे. रडू नकोस."

रोलर सांडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चुंबकाला दोरी बांधून शेड पिंजून काढली. तिसऱ्या दिवशी केर पिठाच्या चाळणीने चाळला. चाळता चाळता विल्फ बोलू लागला: बेरिलबद्दल, ऑस्ट्रेलियातल्या मुलीबद्दल, जी फोन करते तेव्हा तिथे सकाळ असते आणि तिला घाई असते. डेस्मंडने ग्वेंडाचं नाव दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

त्याच संध्याकाळी घरी पँट काढताना दुमडीतून काहीतरी टिणकन पडलं. पन्नासावा रोलर.

डेस्मंडने तो उचलला, पुसला आणि ग्वेंडाच्या, उकडलेलं अंडं उभं ठेवायच्या कपात ठेवला. रोलर दिला की पेटी बंद होणार. पेटी बंद झाली की गाडी चालणार, आणि मग तीन वाजता जायचं कुठे?

तीन आठवडे तो रोज जात राहिला. बेअरिंगं बदलून झाली, जुनी कडी गेली, नवी बसली. अडलं होतं ते त्या एकापाशी. रोज चहा, रोज शोध. डेस्मंड इतक्या मनापासून शोधायचा की कधीकधी आपल्यालाच सापडेल अशी त्याला धास्ती वाटे.

मग एका शुक्रवारी तो पोचला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा विल्फ गारठलेल्या फरशीवर गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, बॅटरीने कपाटाखाली पाहत होता. उठताना त्याला बाकाचा पाय धरावा लागला, आणि तरीही दोनदा बसावं लागलं.

रोज खिशात घालून आणलेला आणि रोज परत नेलेला रोलर डेस्मंडने काढून बाकावर ठेवला.

"माझ्याकडेच होता, विल्फ. तीन आठवडे झाले. मी दिला असता, तर हे काम संपलं असतं... तुम्हाला उगाच फरशीवर लोळवलं मी. वाट्टेल ते बोला."

विल्फने रोलर उचलून उजेडात धरला. बोटांत फिरवला.

"रागावलात?"

"नव्या रोलरचे दोन डबे आहेत वरच्या फळीवर. पहिल्या दिवसापासून."