डिसेंबरात तपासलेली काच

कुठलीही वस्तू धरण्याआधी ते तिला उलटा हात लावून पाहायचे. चहाचा कप असो, फाटकाची कडी असो की भाजीवाल्याकडची कोथिंबिरीची जुडी असो. बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं, आणि मगच ती वस्तू मुठीत घ्यायची. "तपासल्याशिवाय हात नाही लावाचा," असं म्हणायचे. कोथिंबिरीत काय तपासायचं असतं, हे विचारायची आमच्यापैकी कोणाची हिंमत नव्हती.

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना लाइनमनकाका म्हणत. उभा जन्म विजेच्या खांबांवर गेलेला. मी एकदा न राहवून त्या उलट्या हाताबद्दल विचारलंच. ते म्हणाले, "सरळ हातानं तार धरली अन् करंट असला, तं मूठ आपोआप बंद होते. मंग सुटत नाही. उलटा हात असला तं झटक्यानं मागं येते. समजलं?" मी म्हटलं समजलं. "मंग कप दे," म्हणाले, आणि कपाला उलटा हात लावला.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याला हसताना कोणी पाहिलेलं नसतं. काकांना तर रडतानाही पाहिलेलं नव्हतं. पोरगी चौथीत असताना त्यांची बायको गेली. त्या दिवशी सगळी गल्ली रडली, आणि हे मात्र मांडवाच्या बल्बची वायर सैल आहे म्हणून स्टुलावर चढून ती घट्ट करत होते. बायका म्हणाल्या, दगड आहे दगड. मीही म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्या दगडानंच पोरीला वाढवलं. वेण्या घालायला शिकले, पुरणपोळी शिकले, अकरावीची ॲडमिशन रांगेत उभं राहून घेतली. पोट्टी मोठी गोड निघाली, फक्त एक खोड होती. बापाला सोडून जायला तयार नाही. दोन चांगली स्थळं तिनं परत पाठवली. "पप्पा एकटे पडतीन," एवढंच कारण. तिसरं स्थळ पुण्याचं आलं, मुलगा समंजस, तिलाही मनातून आवडलेला. तेव्हा काका तिला म्हणाले, "मले काही होत नाही. तू पाह्यलं का कधी मले रडताना?" नव्हतंच पाहिलं तिनं. त्या भरवशावर ती हो म्हणाली. सोयरीक ठरवायला मुलाचे वडील आले आणि त्यांनी हात पुढं केला, तर काकांनी आधी उलटा हात लावून पाहिला. सोयरा करंट मारत नाही अशी खात्री पटल्यावर मग हातात हात दिला.

आता माझं सांगते. मी सीताबर्डीत चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी असते. अठरा वर्षं झाली. या काउंटरवर उभं राहून माणसं जितकी कळतात तितकी देवळात कळत नसतील. नंबर पाऊण असतो आणि फ्रेम निवडायला दोन तास लागतात. कोणाला गुलाबी काच पाहिजे, कोणाला निळी, कोणाला हिरव्या झाकेचं कोटिंग, कारण मेव्हण्याच्या चष्म्यावर हिरवी झाक आहे. दिसायचं कसं, हे विचारतात. दिसेल का, हे शंभरात एखादा विचारतो.

तर डिसेंबरात एका दुपारी काका दुकानात आले. डोळ्यांवर त्यांचा तो जुना, एका काडीला सोल्युशन टेप लावलेला चष्मा. काउंटरला उलटा हात लावला, मग टेकले, आणि म्हणाले, "बाई, फॅशनचा चष्मा दाखव."

मी इकडंतिकडं पाहिलं. म्हटलं, "काका, तुमच्यासाठी?"

"मंग काय खांबासाठी? फॅशनचा पाहिजे. अन् काच अशी पाहिजे का समोरच्याले माह्ये डोये नाही दिसले पाहिजे."

मी ट्रे काढला. आधी सरळ काळा गॉगल दिला. तो घालून ते आरशात बराच वेळ पाहत राहिले. "नाही," म्हणाले, "लोक म्हणतीन बुढा पिऊन आला." मग वरून गडद आणि खाली फिकट होत जाणारी काच दाखवली, हल्ली तीच जास्त चालते. ती बोटानं वरून खाली तपासली आणि परत दिली. "हे काय कामाची? पाणी तं खालूनच वाहते."

"कसलं पाणी, काका?"

"दुसरी दाखव," ते म्हणाले. मग मी आरशासारखी चमकणारी काच काढली. ती घालून म्हणाले, "पाह्य माह्याकडं. काय दिसते?" म्हटलं, "मीच दिसते." त्यांनी ती लगेच उतरवली. "म्हणजे सोयऱ्यानं माह्याकडं पाह्यलं का त्याले त्याचंच तोंड दिसन. कायले भांडण लावतं वं बाई?"

दुकानात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माह्ये डोये धोका देते. बाकी सगळं शरीर माह्यं ऐकते, डोये नाही ऐकत. टीव्हीवर कोणाची पोरगी सासरी चालली तरी मी गच्चीवर जातो टाकी पाहाले. तिची माय गेली तेव्हा स्टुलावर काहून चढलो होतो? वर तोंड केलं का खालच्याले दिसत नाही. आता पाठवणीले कुठं चढू? माह्या डोयात पाणी दिसलं का ते पोट्टी गाडीत बसत नाही. मले माहीत आहे तिचं. तिसरं स्थळही जाईन."

अठरा वर्षांत असं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. पण काउंटरवरच्या बाईनं थांबून चालत नाही. मी उन्हात काळी होणारी काच काढली. घरात पांढरी, उन्हात काळी. कोणी विचारलं तर कारण तयार: ऊन होतं. काकांचे डोळे चमकले. मला हाताला धरून ते फूटपाथवर आले. चष्मा घातला आणि डिसेंबरच्या त्या कोवळ्या उन्हाकडं तोंड करून उभे राहिले. मिनिटाभरात काच काळीभोर झाली.

"डोये दिसून राह्यले का?"

"नाही, काका."

"खरं सांगजो."

"आईशप्पथ नाही."

"लग्न उन्हाळ्यात आहे. तेव्हाही होते ना कायी?"

आणि मी माझं अठरा वर्षांचं पाठ वाक्य म्हटलं, "जितकं ऊन जास्त, तितकी काळी." वर आणखी शहाणपणा केला. म्हटलं, काच चमकू न देणारं कोटिंगही घ्या, म्हणजे फोटोत लाइटचा ठिपका येत नाही. ते म्हणाले, "लाव." तपासून झालं होतं. त्यांचा विश्वास बसला होता.

चष्मा तयार झाल्यावर त्यांनी तो घातला नाही. डबीसकट नेला आणि पोरीच्या लग्नाच्या कपड्यांबरोबर कपाटात ठेवून दिला. नवी वस्तू लग्नातच काढायची, ही आपली रीत. तोवर टेपवाला होताच.

याच्यावरही कडी म्हणजे मार्चमध्ये पोरगी आली. एकटीच. "ताई, पप्पांना सांगू नका. मले ते उन्हात काळी होणारी काच पाहिजे. मी रडली तं पप्पा म्हणतीन राहू दे, नको जाऊ. त्यांना लई वाटून राहिलं मी खूश राहावं म्हणून. मले त्यांच्यासमोर रडायचं नाही."

मी तिची फ्रेम काढता काढता मनातून इतकी खूश झाले म्हणून सांगू! एका घरात दोन डब्या, दोन्ही गुपितं माझ्यापाशी. त्या आनंदात माझ्या लक्षात आलं नाही, आणि ते लक्षात आणणं हेच माझं काम होतं. ही काच उन्हानं काळी होते हे खरं, पण गरमीनं तिचा रंग उतरतो. थंडीतल्या उन्हात जी कोळशासारखी होते, ती आपल्या मे महिन्यात जेमतेम चहाच्या रंगापर्यंत पोचते. दर उन्हाळ्यात चार गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन येतात आणि मी त्यांना समजावून परत पाठवते. म्हणजे मला माहीत होतं. सांगितलं मात्र नाही. पोरीनं तिचा चष्मा पाठवणीच्या साडीत गुंडाळून ठेवला. बापाचीच लेक.

लग्न मेमध्ये, भर दुपारी. काकांनी हट्टानं तीच वेळ धरली होती. व्याह्यांना संध्याकाळ हवी होती, तर म्हणाले, "संध्याकायी मच्छर असते." चार दिवस आधी हॉलच्या अंगणात जाऊन गाडी कुठं लावायची तेही पाहून आले होते, म्हणजे कडुनिंबाची सावली मध्ये येणार नाही. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले, जेवणं झाली. काका हॉलभर कोरड्या डोळ्यांनी फिरत होते, पंखे तपासत होते. मग पाठवणीची वेळ झाली. त्यांनी खिशातून डबी काढली, नवा चष्मा घातला आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. मागून पोरगी आली. तिच्याही डोळ्यांवर चष्मा.

अंगणात फरशीवर पाय ठेववत नव्हता. दोघं समोरासमोर उभे, आणि दोघांच्या काचा हळूहळू रंगत गेल्या. मी पाहत होते. रंगल्या, रंगल्या, आणि चहाच्या रंगावर येऊन थांबल्या. फिकट चहा, जास्त दुधाचा. त्यावर माझं ते न चमकणारं कोटिंग. काचेपलीकडचा पापणीचा एकेक केस स्पष्ट दिसत होता. काकांचे डोळे काठोकाठ भरलेले. पोरीचे तर वाहायलाही लागलेले.

"तू काहून चष्मा घातला?" काकांनी विचारलं.

"ऊन आहे ना पप्पा. तुम्ही?"

"ऊनच तं आहे."

मग दोघांनीही मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी कडुनिंबाकडं पाहायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पप्पा, तुम्ही रडून राहिले," पोरगी म्हणाली. तिनं हातातली पर्स खाली ठेवली. "मी नाही जात."

अंगणातली बोलणी एकदम थांबली. व्याही नवरदेवाकडं पाहायला लागले, नवरदेव ड्रायव्हरकडं. मला वाटलं, संपलं. एक माणूस पाच महिने जी गोष्ट टाळायला धडपडला, ती माझ्या एका पाठ वाक्यापायी होऊन बसली.

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या खिशात ठेवला. उघड्या डोळ्यांनी, त्या पांढऱ्या उन्हात पोरीसमोर उभे राहिले. पाणी गालांवरून ओघळून मिशीत जात होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"पाह्य," ते म्हणाले. "रडून राहिलो. झालं? पडलो का मी? मेलो का? उभा आहे ना तुह्यासमोर?"

तिची नजर खाली पर्सकडं गेली.

"सांग, उभा आहे का नाही?"

"आहे," ती म्हणाली.

"मंग झालं ना तपासून. उचल पर्स."

आणि त्यांनी हात पुढं केला, उलटा. बोटांची मागची बाजू तिच्या गालाला टेकवली. क्षणभर थांबले. पुढचं मला माहीत होतं. कपाचं, कडीचं, कोथिंबिरीचं पाहिलं होतं. आता हात सरळ होईल आणि ते तिला धरतील. हात सरळ झाला नाही. तसाच मागं आला. "बस गाडीत," म्हणाले. ती बसली.

गाडी गेटाबाहेर पडल्यावर ते माझ्याकडं वळले. "काहून वं बाई?" एवढंच विचारलं. मी रडत रडत गरमीचं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे डिसेंबरात तपासलं अन् मे महिन्यात लाइन चालू केली," ते म्हणाले. "चूक माहीच आहे. चाल, वाढपी जेवाचे राह्यले."

आता ते नागपुरात नाहीत. दोन वर्षांनी पोरगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली, आणि या वेळी नाही म्हणायची पाळी त्यांची होती. तिनं ऐकलं नाही. घराची किल्ली माझ्याकडं आहे. रोज त्यांच्या अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालते.

परवा भर दुपारी तिथंच होते. फाटकाची कडी तापून लाल झालेली असते, म्हणून मीही आता आधी उलटा हात लावते. तेवढ्यात फोन वाजला. काकांचाच.

"बाई, तुह्या काचेत काही खोट नव्हती वं. इथं गरमी कमी आहे. बाहेर निघालं का अशी कायी होते, काही विचारू नको."

"चला, बरं झालं, काका," मी म्हटलं. "कामात आली म्हणायची."

"कामात कुठं?" ते म्हणाले. "इथं पोट्टी रोज डोयासमोर असते. रडाचं कामच पडत नाही."

मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांच्या बंद दाराकडं पाहत उभी राहिले. माझ्या डोळ्यांवर कसलीच काच नव्हती. नशीब, तेवढ्या उन्हात गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.