भाऊजीनं मायेनं जपून ठेवलेल्या गोळ्या

आजच घडलेलं लिहितो.

माही मोठी बहीण सुनीताताई सात महिन्यांची गरोदर आहे. आज दुपारी मंगरूळपीरहून तिच्या गावी गेलो, तर ती दोन गोधड्यांखाली हिवानं कुडकुडत होती. भाऊजी पाण्याचा गिलास अन् गोळी घेऊन बाजूले उभे.

"कायची गोळी व्हय भाऊजी?"

"मलेरियाची. गडचिरोलीले रस्त्याच्या कामावर होतो तवा मले झाला होता ना? पंधरवडाभर खायच्या होत्या, पण ताप लवकर उतरला. मंग उरलेल्या हिच्यासाठी जपून ठेवल्या."

किती मायेनं सांगून राह्यले होते! माह्या मनात पाल चुकचुकली. गावातल्या आशा वर्करले फोन लावून पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं.

ती ओरडलीच, "देऊ नका! गरोदर बाईले ही गोळी चालत नाही. पोटातल्या लेकराले धोका आहे. मी आलीच, पहिले रक्त तपासू."

तिनं येऊन ताईचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर टाकला, अन् रेघ उमटली. मलेरियाच निघाला.

आता ताई सरकारी दवाखान्यात आहे, तिले चालणारं औषध सुरू झालं. भाऊजीचंही रक्त घेतलं. गोळ्या अर्ध्यात सोडल्या, म्हणून त्याइच्या अंगात मलेरिया दबून असू शकते म्हणे.

मले मात्र तो गिलासच दिसून राह्यला. आज मी स्टँडवर चहा प्यायले थांबलो असतो तर?

तुमच्या घरी उरलेल्या गोळ्या कोणासाठी जपून ठेवल्या आहेत?