जिना न चढलेला बेलिफ

पंचवटीतल्या आमच्या दुमजली घरात आई वर राहायची आणि भाडेकरू खाली. आईचे गुडघे गेले तेव्हा तिने खालच्या दोन खोल्या परत मागितल्या. भाडेकरू हसून म्हणाला, कोर्टात जा. आम्ही इतके भोळे की आईच्या नावाने दावा लावायला खरंच गेलो. तेव्हा नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं.

आधी भाडेकरूला समन्स बजावायला हवं होतं. ते काम बेलिफाचं; पण बेलिफाला घरापर्यंत नेण्याचं काम आमचं, असा रिवाज. मी त्याला सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टातून स्कूटरवर बसवायचो आणि वाटेत मिसळ खाऊ घालायचो. जादा पाव तो हक्काने मागायचा. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मात्र मला थांबवून ठेवायचा, कारण वादीच्या माणसाने सोबत येणं बरं दिसत नाही म्हणे. मग खालच्या बिऱ्हाडात बसून निवांत चहा घ्यायचा आणि मिशा पुसत बाहेर येऊन अहवाल लिहायचा, 'घराला कुलूप. प्रतिवादी मिळून आला नाही.' वर आईला त्यांच्या कपबशा वाजलेल्या ऐकू यायच्या. सात वर्षं त्या कुलपाने त्याला चहा पाजला. आणि मी दर तारखेला पुन्हा स्कूटर काढायचो, याची आता मलाच लाज वाटते.

मग सुधारणा आल्या. कोर्टात कॉम्प्युटर आले, त्यांच्यावर घालायला प्लॅस्टिकची आवरणं आली, आणि आमचा दावा लोकअदालतीत तडजोडीसाठी निवडला गेला. प्रतिवादी अजून सापडायचाच आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दोघांनाही नोटिसा निघाल्या. या खेपेला बेलिफ आपणहून आला, तेही मी ऑफिसात असताना.

संध्याकाळी आई म्हणाली, कोर्टाचा माणूस खालूनच हाका मारून गेला. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. कारकुनाने अहवाल पुढे सरकवला. 'वादी बाईंनी नोटीस घेण्यास नकार दिला. सबब पंचासमक्ष दारावर चिकटवली.' आमच्या दारावर कागदाचा कपटाही नव्हता. पंच म्हणून सही होती भाडेकरूची, पत्त्यासकट.

माझं डोकं फिरलं. हा माणूस सात वर्षं सापडत नव्हता ना, असं मी जरा मोठ्यानेच विचारलं.

"त्यांची नोटीस वेगळी," कारकून म्हणाला. "तिथे कुलूप होतं."

वादी तडजोडीला तयार नाही, म्हणून दावा यादीतून वगळला होता.

घरी येऊन आईला सगळं वाचून दाखवलं. ती गॅलरीत गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

"मी 'नाही' कुठे म्हटलं?" ती म्हणाली. "मी म्हटलं, मला जिना उतरता येत नाही. त्यासाठीच तर दावा केलाय."