अमरावतीत मेली, अकोल्यात लग्न झालं

मंडळी, आज आमच्या घरातलं साठ वर्षांचं भांडण मिटलं!

लग्नाआधी मामांनी अमरावतीत आणि मामीनं अकोल्यात एकच पिक्चर पाहिला होता. मामा म्हणायचे, हिरोईन मरते. मामी म्हणायची, तिचं लग्न होतं.

आज मामांचे व्याही जेवायला आले. त्या काळी ते पिक्चरच्या रिळांच्या पेट्या गावोगावी पोचवायचे. म्हणाले, "दोघंबी खरे! अमरावतीत लोक रडत निंगाले, तं कंपनीच्या मालकानं डायरेक्टरले न विचारताच शेवट बदलला. अकोल्यात नवाच लागला."

मामा उसळलेच. "पाहा! खरा शेवट म्याच पायला. मालकाले काय हक्क होता?"

मामी पोळी वाढता वाढता म्हणाली, "थो लग्नाचा शेवट पाहूनच तं मी तुमाले हो म्हटलं."

मामांनी मालकाचा विषय सोडून आणखी एक पोळी मागितली!

आता तुम्हीच सांगा, डायरेक्टरची बाजू कोणी घ्यायची?