काशाच्या वाटीवाल्या बाई

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कॅन्सर बरा होणार नव्हता. दुखणं हलकं करणं एवढंच उरलं होतं. बारामतीच्या त्या दवाखान्यात रोज दुपारी एक बाई यायच्या. पेशंटच्या तळपायांना खोबरेल लावून काशाच्या वाटीनं हळूहळू घासायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी आबा पाय आखडून म्हणाले, "बाईमाणसानं पाय धरायचं न्हाय."

"जल्मभर उसाच्या सरीत राबल्यात हे पाय. त्यास्नी तरी इचारा की!" बाई हसल्या.

आबांनी पाय पुढं केले. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. मग बाईंनी वाटी माझ्या हातात दिली. "तेल माझ्याकडं हाय, पर लेकाचा हात मी कुठनं आणू?"

नमस्काराशिवाय मी त्या पायांना कधी शिवलो नव्हतो. भीत भीत वाटी फिरवली. आबा खुदकन हसले, "आरं, गुदगुल्या हुत्यात! थांबू नगंस."